माझ्या तोंडावरचं मायेचं फडकं

मित्रांनो, ट्रक दिसला की तुम्ही त्याचा रंग बघता, मागची अक्षरं वाचता, हॉर्न ऐकून हसता. बॉनेटखाली राबणाऱ्या माझी आठवण कुणाला होते? मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. सांगलीच्या सुकुमारअण्णांच्या ट्रकमध्ये माझं सारं आयुष्य गेलं.

गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, म्हणाल ते मी ओढलं. आमचा ड्रायव्हर धोंडिराम रोज सकाळी बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय चावी फिरवत नसे. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. पण वय कुणाला चुकलंय? पुढं घाट चढताना मी काळा धूर ओकू लागलो.

मी कामचुकार झालो नव्हतो. माझा टर्बो हवा दाबून पोटात कोंबतो. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. पोट फुगतं, पण भूक भागत नाही. हे अण्णांना कोण सांगणार? ते म्हणाले, "आता एकदा जरी घाटात थांबलं, तर उतरवून भंगारात घालायचं."

ते ऐकून माझं तेल गोठलं. धोंडिरामानं मात्र माझी बाजू घेतली. "अण्णा, इंटरकूलर बसवून बघूया की. जीव हाय अजून त्यात."

कुपवाडच्या गॅरेजात माझ्या रेडिएटरच्या पुढे ही नवी जाळी बसली. टर्बोची तापलेली हवा तिच्यातून फिरायची, समोरच्या वाऱ्यानं गार व्हायची आणि मग माझ्याकडे यायची. गार हवा दाट, म्हणून मेकॅनिकनं माझं डिझेलही थोडं वाढवलं. काय सांगू तुम्हाला! पसरणीचा घाट मी न खोकता चढलो. "लय भारी, गड्या!" धोंडिराम ओरडला. मला पुन्हा जगावंसं वाटलं.

मग चातुर्मास आला. अण्णांचं घर जैन, त्यामुळे नेम कडक. अण्णांच्या आई चंदनबाला, सगळे त्यांना आक्का म्हणतात, एका सकाळी ट्रकपुढून जाताना थबकल्या. रात्रीच्या प्रवासात दिव्यांवर झेपावलेली किडे-पाखरं माझ्या जाळीवर चिकटून मेली होती. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाणीसुदिक आमी गाळून पितो, आन् हितं केवढे जीव गेले रं!" त्यांनी पाणी गाळायचं दुहेरी फडकं काढलं, त्याला नाड्या शिवल्या आणि जाळीवर घट्ट बांधलं.

"आक्का, वारं जाईल न्हवं?" धोंडिराम चाचरला.

"जातंय की. मऊ कापड हाय." एवढ्या मायेनं बांधलेलं सोडायचं त्याच्या जिवावर आलं.

पावसानं फडकं भिजलं, रस्त्याच्या चिखलानं लिंपलं. इंटरकूलरला वारा मिळेना. माझ्या पोटात पुन्हा तापलेली हवा, आणि डिझेल मात्र वाढवलेलं. मी आतून भाजत होतो. धूर सोडत होतो, कण्हत होतो. अरे, ते फडकं काढा! पण मला जीभ कुठाय?

अशातच पाचगणीला खताची पोती न्यायची निघाली, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांसाठी. पसरणीच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. मागे गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही. "एवढं वळण काढ रं बाबा," धोंडिराम विनवत होता. मी काढत होतो हो! थांबलो तर मरण आणि चाललो तरी मरण. एक पिस्टन वितळला आणि मी बंद पडलो. ओल्या चढावर ब्रेक धरेना, ट्रक मागे घसरू लागला. एका बाजूला दरी; धोंडिरामाचा श्वास मला ऐकू येत होता. त्यानं सगळं बळ लावून चाकं डोंगराकडे वळवली. ट्रक दरडीला घासून थांबला. मागच्या जीपमधल्या माणसांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले.

मला ओढत कुपवाडला आणलं. अण्णा म्हणाले, "धोंडिराम, तू वाचलास हेच लय झालं. भंगारवाल्याला बोलव." माझा निकाल लागला होता.

इंटरकूलर तेवढा काढून ठेवावा म्हणून धोंडिरामानं फडकं सोडलं. ते पत्र्यासारखं कडक झालं होतं. तेवढ्यात त्याची विचारपूस करायला आक्का आल्या. त्यांनी ते फडकं हातात घेतलं, स्वतःच्या नाकातोंडावर दाबलं आणि श्वास ओढून पाहिला. ओढवेना.

"सुकुमार, ह्याचा श्वास मी कोंडला रं."

"आई, म्हातारं झालंय ते."

"मला मोतीबिंदू झाला, तवा माझा डोळा भंगारात घातलास व्हय?"

अण्णा हळूच म्हणाले, "दुरुस्त करू. पण फडकं काढलं की किडे मरणारच की."

"किडे दिव्यावर येत्यात. चातुर्मासात दिवस मावळल्यावर आपण जेवत न्हाई. मग गाडी तरी कशाला पळवायची?"

अण्णांनी खिशातली वही काढून रात्रीच्या फेऱ्या मोजल्या. व्यापाऱ्याला रात्र सोडणं सोपं नसतं, मित्रांनो. शेवटी ते मेकॅनिकला म्हणाले, "चातुर्मासात रात्रीच्या फेऱ्या बंद. पिस्टन मागवा."

अजून मी उघडाच पडलोय. नवा पिस्टन मानवेल की नाही, मला ठाऊक नाही; भीती वाटते. आक्कांवर माझा राग नाही. एवढ्याशा पाखरासाठी रडणारी माणसं फार थोडी असतात. पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. आमच्यावर माया जरूर करा. फक्त मायेची गाठ मारण्याआधी, आम्हाला श्वास घेता येतोय ना, ते बघा.