सरव्याचा कट्टा

सोयाबीन सोंगायला बाया मिळेनात, तेव्हा देऊळघाटच्या निवृत्तीने सोजराबाईची टोळी गोड बोलून आणली. मजुरी चालू भावापेक्षा कमीच ठरवली आणि वर म्हणाला, "सरवा तुमचा." सोंगणीनंतर वावरात सांडलेल्या शेंगा गोरगरिबांनी वेचून न्यायच्या, ही तिकडची जुनी रीत. तोच सरवा. निवृत्तीने तो मजुरीतच धरला. गडी हिशेबाला पक्का.

सोंगणी उरकली आणि ट्रॅक्टरवाला म्हणाला, उद्यापासून आठवडाभर मोकळा नाही. हरभरा पेरायची घाई होती. निवृत्तीने त्याच दिवशी वावरात रोटावेटर घातला; सांडलेल्या शेंगा मातीत गाडल्या गेल्या. सरवा आठवला नाही असं नाही. आठवला, आणि त्याने तो विचार गिळला.

सकाळी सोजराबाई बायांसह टोपल्या घेऊन बांधावर आली. भुसभुशीत वावराकडे बघत उभी राहिली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चाला वं," एवढंच बायांना म्हणून ती वळली. निवृत्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी त्याने मुलाला, गोपालला, सोबत घेऊन सोयाबीनने भरलेलं एक पोतं, एक कट्टा, तिच्या दारात नेऊन टाकला. कशापायी, हे पोराला सांगायला जीभ रेटेना. "गरीब बाई हाय, देऊन टाकू," म्हणाला. गोपालने हौसेने फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला: 'बाबांकडून गरजूंना मदत'. पारावर जो तो निवृत्तीची पाठ थोपटू लागला. हा बहाद्दर मान खाली घालून ऐकत राहिला. लोकांना तो विनय वाटला.

तिन्हीसांजेला सोजराबाई त्याच्या अंगणात आली.

"भाऊ, तो कट्टा सरव्यापायी देल्ला ना?"

"हाव."

"मंग मदत काऊन लिवली? बाया मले इचारून राह्यल्या, भीक कधीपासून घ्याले लागली म्हणून. तेवढं मजुरी लिवाले सांगा."

मागणं केवढं, तर एका शब्दाचं. निवृत्ती आत गेला. गोपाल जेवत होता.

"तो फोटो काढून टाक बे."

"काऊन? सगळे चांगलंच म्हणून राह्यले ना बाबा."

पोराच्या डोळ्यांत बापाचं कौतुक होतं. निवृत्तीच्या ओठावर आलेलं परत फिरलं.

"फोटो चांगला नाई आला," तो म्हणाला.

बाहेर आला तेव्हा सोजराबाई अंगणातून उंबऱ्यापाशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"कट्टा घेऊन जा, भाऊ," ती म्हणाली. "म्या मजुरी समजून ठेवला व्हता."