नावाची पायलट
कुराबिन गावाने मेरिन ट्रेगियर पायलट झाल्याची पार्टी केली, तेव्हा मेरिनला हवाई दलाचं विमान सुरूसुद्धा करता येत नव्हतं. पण एकदा क्वीन्सलंडच्या त्या कोपऱ्यातल्या माणसांनी पार्टी करायची ठरवली की खरंखोटं कोण बघतं!

झालं असं. अधिकारी होऊन विमान उडवायचं तर वाटा दोन. एक, लष्करी अकादमीत तीन वर्षं बसून पदवी घ्या आणि मग पुढे जा. दुसरी, बारावी झाली की थेट अर्ज. मेरिनचा पाय एका जागी ठरेल तर शपथ, तिने दुसरी वाट धरली. डोकं तपासणाऱ्या परीक्षा झाल्या, डोळे तपासणारे डॉक्टर झाले, तीन गंभीर चेहऱ्यांपुढची मुलाखत झाली. मग सतरा आठवडे कवायत आणि इस्त्री, इस्त्री आणि कवायत. शेवटी खांद्यावर एक बारीकशी पट्टी आली आणि घरी पत्र गेलं. त्यावर छापलेलं होतं : पायलट ऑफिसर मेरिन ट्रेगियर.

मेख इथेच आहे. ‘पायलट ऑफिसर’ हे अधिकाऱ्यांमधलं अगदी खालचं पद. भांडारात बूट वाटणारा नवा अधिकारीही पायलट ऑफिसरच, मग त्याला विमानाच्या शिडीवर चक्कर का येईना. उडायचं शिक्षण तर पुढेच असतं, आणि त्यात निम्मी पोरं गळतात. पण हे कुराबिनला कोण सांगणार? मेरिनची आई ऊना हिने ते पत्र पबच्या काउंटरवर ठेवलं, मालक क्लॅरीने ते मोठ्याने वाचलं आणि दीडशे माणसांचं गाव उधाणलं.

मेरिन सुट्टीवर आली तर पबच्या दारावर चादर टांगलेली, त्यावर लाल रंगात ‘आमची पायलट’. मागच्या अंगणात अख्खं वासरू भाजत होतं. तिने खरं सांगायचा प्रयत्न तीनदा केला. पहिल्यांदा क्लॅरीने तिच्या नावाने ग्लास उंचावला. दुसऱ्यांदा शाळेच्या जुन्या बाईंनी तिला मिठी मारली ती सोडेचनात. तिसऱ्यांदा आईनेच तिच्या तोंडात केक कोंबला आणि ‘खा गुमान’ म्हणाली. मग मेरिनने खाल्ला. काय करणार बापडी!

तेव्हापासून तिच्या मानगुटीवर ती चादर बसली. सेल गावच्या हवाई तळावर उडायचं शिक्षण सुरू झालं. आईबरोबर गुरांचे पाणवठे वरून बघत लहान विमान तिने शाळेत असल्यापासून चालवलं होतं, पण इथलं विमान म्हणजे नुसता तबकड्यांचा आणि आकड्यांचा बाजार. इंजिन बंद पडल्याचं नाटक करून उतरायच्या परीक्षेत ती तबकड्यांकडे बघत बसली आणि उतरायचं शेत केव्हाच मागे गेलं. नापास. आणखी एकदा संधी मिळणार होती, त्यानंतर नाही. दुसऱ्यांदा नापास झालं की बूट वाटायचे किंवा घरी जायचं, आणि घरी ती चादर. गावाला तोंड कसं दाखवायचं या विचाराने तिची झोप उडाली होती.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी मागच्या सीटवर परीक्षक स्क्वाड्रन लीडर पास्को होते. कौतुक केलं तर पगार कापतील अशी भीती असावी, असा तो माणूस. गिप्सलंडच्या हिरव्या शेतांवर आल्यावर त्यांनी मुकाट्याने इंजिनाची ताकद काढून घेतली.

 मेरिनची नजर तबकड्यांकडे गेली, आणि मग, कोण जाणे कशी, खाली गायींकडे गेली. हवामानखात्याने पश्चिमेचा वारा सांगितला होता. पण खालच्या साऱ्या गायी दक्षिणेकडे पाठ करून उभ्या होत्या. गार वाऱ्यात गाय त्याला ढुंगण दाखवते, हे कुराबिनचं शेंबडं पोरही सांगेल. वारा फिरून दक्षिणेचा झाला होता, आणि विमान उतरवायचं ते वाऱ्याला तोंड देऊनच. तिने पश्चिमेच्या वाऱ्यासाठी हेरलेलं शेत सोडलं, विमान वळवलं आणि दक्षिणेकडे तोंड करून एका लांब कुरणावर अलगद खाली आणलं. गवत ओळखू येण्याइतकं जवळ आल्यावर पास्कोंनी ताकद परत दिली आणि वर चढायला सांगितलं.

“वारा पश्चिमेचा सांगितला होता,” पास्को म्हणाले.

“गायींना कुणी कळवलं नाही, सर.”

 उतरल्यावर पास्कोंनी कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं, आणि हवामानखात्यात दोन गायी ठेवायला हव्यात, असं पुटपुटत निघून गेले. मेरिनला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं, आणि हँगरच्या मागे जाऊन ती खरोखर नाचली.

मग तिने घरी फोन लावला. इंजिन बंदच्या परीक्षेत पास झाले म्हणाली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं : पार्टीच्या वेळी ती पायलट नव्हतीच, ते नुसतं पदाचं नाव, तिने गावाला फसवलं.

“ठाऊक आहे,” ऊना म्हणाली.

“कसं काय?”

“पंच्याऐंशी साली मलाही तेच पद देत होते. बायकांना विमान नाही म्हणाले, भांडारात ये, पायलट ऑफिसर होशील. मी नाही गेले.”

 ज्या बाईने मेरिनला उडायला शिकवलं, तिने ही गोष्ट आजवर ओठावर आणली नव्हती.

“मग गावाला खरं का नाही सांगितलंस?”

“वेडी का तू? नापास होऊन आली असतीस तर तुझ्यासाठी वासरू कुणी भाजलं असतं? म्हणून पार्टी आधीच उरकून घेतली.”

मेरिन हसत होती, रडतही होती, आणि कुठलं कधी थांबवावं ते तिला कळेना. पलीकडे ऊनाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“रड नंतर,” ऊना म्हणाली. “आता पहिल्यापासून सांग. इंजिनाची ताकद काढून घेतली तेव्हा किती उंचावर होतीस? काही गाळू नकोस, मी डोळे मिटलेत.”