घरी जपलेला गळा

शैला वारली त्या दुपारी तिचा आधी रेकॉर्ड केलेला कार्यक्रम रेडिओवर लागला होता. तिच्या नवऱ्यानं, निंबानं, दारात येऊन बातमी सांगितली, तर लिंबायतच्या गल्लीतली शेजारीण त्याच्यावरच ओरडली, "काहीबाही बोलू नका भाऊ, वहिनी आत्ता रेडिओवर बोलत होत्या!"

शैला आधी ऑर्केस्ट्रात गायची, मग रेडिओवर निवेदन करू लागली, आणि शेवटी त्याच्या जोडीला हसमुखच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर बघायच्या गोष्टींच्या सीड्यांना आवाज द्यायची. घरी मात्र गळा जपायचा म्हणून ती खुणांनीच बोलायची. निंबानं कधी तक्रार केली नाही.

दहाव्याला हसमुख आला. "निंबाभाई, शैलाबेनचं हसणं, खोकणं सीडीतून कापायला लागायचं. मी ते फेकून दिलं नाही, ठेवलंय. मध्येच तुमची मस्करी करायच्या, तीपण आहे. येऊन ऐका ने."

निंबाच्या अंगाचा भडका उडाला. नवऱ्याला नुसत्या खुणा, आणि या माणसाकडे तिचं हसणंसुद्धा!

"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला.

त्यानंतर तो कितीदा तरी स्टुडिओच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आला. शैला त्याच्याबद्दल काय बोलून हसायची, ते त्यानं अजून ऐकलेलं नाही.