दोनदा शिकवलेला धडा

१९९६ साल. जुलै संपत आला होता आणि सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या कॉलेजात, समाजशास्त्राच्या सकाळच्या पहिल्याच तासाला, योगराज मागच्या बाकावर चक्क घोरत होता. हाताला तेलाचे डाग, केसांत दोऱ्याचे तुकडे.

"सूवा आव्यो छे के भणवा?" भूपेंद्र देसाईसरांनी विचारलं. झोपायला आलास की शिकायला. वर्ग हसला. योगराज दचकून उठला.

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. मुलगी योगिता लग्न होऊन अमळनेरला गेलेली, घरात मी आणि नवरा दगा, लूम म्हणजे यंत्रमाग चालवणारा. बाहेरून बारावी केली आणि कॉलेजात नाव घातलं. वर्गातली पोरं मला काकू म्हणत, आणि काकू म्हटलं की मधे बोलायचा हक्क आपोआप येतो.

"सर, तो झोपायला नाही आला," मी उठून म्हणाले. "रातपाळी करून तसाच आलाय. पुढच्या आठवड्यात तर झोपायलासुद्धा येणार नाही. दिवसपाळी लागेल."

"एटले? एक आठवडा येणार, एक नाही?"

"लूमवर पाळी आठवड्याला फिरते, सर. बारा तासांची."

देसाईसर रोज बारडोलीहून पॅसेंजरने येत. साधा माणूस. शर्टाच्या खिशात सुपारीची डबी, हातात वर्षानुवर्षं तीच टिपणं. कॉलेजात त्यांचं नाव कुणी चांगलंही घेत नसे आणि वाईटही. त्या दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला.

"पाळीत काम करणारे हात वर करा."

आधी कुणीच करेना. मग योगराजचा हात वर गेला, मग त्याच्या शेजारच्याचा. मग असे भराभर हात उठले की पुढच्या बाकावरची पोरं मागे वळून बघायला लागली.

"अने छोकरीओ?"

"आम्ही साड्यांना टिकल्या लावतो, सर," राखी म्हणाली. "माल न्यायला माणूस सकाळी येतो. त्यामुळे कधी पहिला तास जातो, कधी दुसरा." राखी रेल्वेच्या क्वार्टरमधली. बोलायची कमी, पण बोलली की सगळे ऐकायचे.

पाऊण हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नसे. म्हणजे आठवडाआड येणारा योगराज कितीही हुशार असला तरी निम्म्यावरच अडकणार. हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते सांगायचं कुणाला आणि कशाला, असं प्रत्येकाला वाटत होतं. तास संपल्यावर सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"सुंदराबेन, तोच धडा मी संध्याकाळी परत शिकवला तर?"

मला इतका आनंद झाला की मी हो म्हणायचंही विसरले. सर म्हणाले, "का? नको?"

प्रिन्सिपलसाहेबांनी अडवलं नाही. "शिकवा. पण हजेरी सकाळचीच धरणार. विद्यापीठाची मंजुरी आणा, मग बघू." सरांनी विद्यापीठाला लिहिलं, आणि उत्तराची वाट न पाहता वर्ग सुरू केला. जागा आमच्या गल्लीतली काशीबाईची खानावळ. जेवणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आधी ती टेबलं भिंतीला लावून द्यायची.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. पाळी सातला सुटते म्हणून सरांनी सातचा वर्ग ठेवला आणि साडेसहालाच गुंडाळीचा फळा काखेत मारून हजर झाले. मी आणि राखी होतो. सात वाजून गेले तरी तिसरं कुणी येईना. त्या आठवड्यात दगाची रातपाळी, आणि तो खानावळीच्या ओट्यावर निवांत तंबाखू मळत बसला होता.

"दगाभाई, पोरं कुठे?"

"लूमवर, सर. जोडीदार येस नही तोवर लूम सोडता येस नही."

"अने जोडीदार?"

"योगराजना जोडीदार मीच ना." दगा शांतपणे म्हणाला. "मी तठे गऊ म्हंजे तो सुटस. माले उशीर, त्याले उशीर."

लूम बंद ठेवायचा नाही. एक माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय दुसऱ्याने हलायचं नाही, हा तिथला रिवाज. सगळे जोडीदार थोडे थोडे उशिरा जायचे, आणि पुढच्या पाळीला तो उशीर फेडून घ्यायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. सरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे माझा वर्ग भरणार की नाही, ते तुमच्या हातात."

"मंग तर मी प्रिन्सिपल व्हयनू," दगा म्हणाला. काशीबाई आतून ओरडली, "प्रिन्सिपलसाहेब, आता उठा!"

दगा उठला आणि डबा घेऊन अक्षरशः धावत गेला. आमच्या लग्नालाही हा माणूस वेळेवर आला नव्हता. थोड्याच वेळात योगराज धापा टाकत दारात. पुढच्या आठवडाभरात खात्याखात्यांतून, म्हणजे लूमच्या कारखान्यांतून, ही गोष्ट फिरली, 'आपल्या पोरांच्या सरांचा वर्ग आहे' म्हणून. जोडीदार वेळेआधी जाऊन उभे राहायला लागले. ज्यांनी कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्यांच्या चालण्यावर आमचा वर्ग चालला.

आणि काय वर्ग होता तो! सर गुजरातीत शिकवायचे, पण म्हणायचे, "उत्तर तुमच्या बोलीत द्या. समजून घ्यायचं काम माझं." अहिराणी, मराठी, हिंदी, सगळं चालायचं. प्रत्येक अवघड शब्द फळ्यावर गुजरातीत आणि शेजारी मराठीत. सकाळी गप्प बसणारी पोरं संध्याकाळी भांडायला लागली. एकदा तर 'एकत्र कुटुंब' यावर इतका वाद झाला की काशीबाईने पोळ्या थांबवून आपलं मत दिलं.

जानेवारीत विद्यापीठाच्या सुभद्राबेन वर्ग बघायला आल्या. मंजुरी त्यांच्या शब्दावर होती. पातळ किनारीची पांढरी साडी, चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. त्या दिवशी धडा 'स्थलांतर'. पुस्तकातलं उदाहरण दूरच्या कुठल्याशा देशातलं होतं. सरांनी ते वाचलंच नाही.

"तुमच्या घरातलं सुरतला पहिलं कोण आलं? कुणी आणलं? का?"

योगराज म्हणाला, मामाने आणलं, पाऊस नव्हता म्हणून. एकाला मेहुण्याने, शेती वाटली गेली म्हणून. सर फळ्यावर नावं आणि बाण काढत गेले, आणि बघता बघता बाण एकमेकांना मिळायला लागले. याचा मामा त्याच्या बापाबरोबर आलेला, तो बाप काशीबाईच्या नवऱ्याच्या खोलीत उतरलेला. आम्ही उभे राहून ओरडून नावं सांगत होतो.

"राखी?"

"आजोबा. रेल्वेच्या गँगमध्ये. कारण पाणी."

"दुष्काळ," म्हणत सर लिहायला वळले.

"दुष्काळ नव्हता, सर. विहीर भरलेली होती. आम्हाला तिच्यावर जाऊ देत नव्हते."

सरांनी 'दुष्काळ' हातानेच पुसलं आणि राखीचं वाक्य तिच्या शब्दांत, मराठीत लिहिलं. सुभद्राबेननी पहिल्यांदाच पेन काढलं.

"हे अभ्यासक्रमात आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रकरण तेच आहे, बेन," सर म्हणाले. "माणसं इथली आहेत."

मंजुरी फेब्रुवारीत आली. संध्याकाळची हजेरी धरणार, पाळीत काम करणाऱ्यांना वर्ग निवडता येणार, स्थलांतराच्या धड्याला इथल्या वस्तीतला प्रत्यक्ष अभ्यास जोडणार. आम्ही टेबलं बडवली. काशीबाईने सगळ्यांना शेव वाटली. सर मात्र कागद हातात धरून उभेच होते.

"येत्या जूनपासून," ते हळू म्हणाले. "या वर्षाची हजेरी धरता येणार नाही म्हणतात."

राखीची हजेरी कशीबशी भरत होती. माझी तर भरलीच होती. योगराजची नव्हती. ज्याच्या झोपेमुळे हे सगळं सुरू झालं, तोच परीक्षेला बसणार नव्हता. बडवणारे हात टेबलावर तसेच राहिले.

"मंग काय, सर," योगराज म्हणाला. "जूनमां परत नाव टाकसू. तुम्हाला तोच धडा तिसऱ्यांदा शिकवायला कंटाळा नाही ना?"

सर हसले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. योगराज पाणी प्यायला, बाकावर बसला आणि म्हणाला, "आज कोणतं प्रकरण?" मार्चअखेरपर्यंत त्याने दिवसपाळीतली एकही संध्याकाळ चुकवली नाही.

या सगळ्याला आता किती वर्षं झाली. देसाईसर निवृत्त होईपर्यंत धडा दोनदा शिकवत राहिले; बारडोलीतच गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी संध्याकाळचा वर्ग काही वर्षं चालवला, मग तो बंद पडला. काशीबाईची खानावळ तिच्या सुनेने सुरतेतच पर्वत पाटिया भागात नेली. राखी एम. ए. झाली, व्याऱ्याकडे कॉलेजात शिकवते. तिच्याकडे जायला मुलं घाबरत नाहीत, असं ऐकते. मी बी. ए. झाले आणि बालवाडी चालवली. दगा जाऊन सहा वर्षं झाली.

योगराज आमच्यानंतर वर्षाने पदवीधर झाला. नोकरी काही लागली नाही. लूमवरच राहिला, पुढे खात्याचा मास्तर झाला. लूमच्या आवाजाने त्याचे कान गेले, तिथल्या सगळ्यांचे जातात तसे. मागच्या दिवाळीत भेटायला आला, तेव्हा मी काहीतरी सांगायला लागले. त्याने मला थांबवलं, आपली खुर्ची उचलून माझ्यासमोर खिडकीच्या उजेडात आणून ठेवली, आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "हां काकू, आता बोला."