विट्याची दोरी

शब्दकोशाच्या कचेरीत ताईंचा राग एकाच गोष्टीवर होता: ‘एक प्रकारचे शस्त्र’. जुन्या कोशकारांना एखादं हत्यार ठाऊक नसलं की ते एवढं लिहून मोकळे होत, आणि पुढचे सगळे मागच्याचं उतरवून घेत.

“उद्या घरी विचारलं, आज काय केलंय, तर ‘एक प्रकारची भाजी’ म्हणून सांगा,” ताई म्हणायच्या. “जेवतील का कोणी?”

या खेपेला शब्द होता ‘विटा’. एके काळचं लढाईतलं हत्यार. आता कोणाला माहीतही नाही. ताईंनी अर्थ लिहिला: ‘मनगटाला दोरीने बांधलेला भाला, जवळच्या शत्रूवर फेकून लगेच परत ओढून घेत.’

मुख्य संपादक असलेल्या साहेबांनी त्यावर काट मारली. या साहेबांना मुद्रितं तपासायला ताईंनीच शिकवलं होतं.

“ताई, दोन ओळी जास्त होताहेत. आणि ‘जवळच्या’ कशावरून? जुन्या कोशात फक्त दोरी लावलेला भाला आहे. बाकीचं तुमच्या मनातलं.”

हे मात्र ताईंना झोंबलं. त्यांची थोरली नणंद शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली. सुट्टीच्या दिवशी दोघी रिकाम्या मैदानावर गेल्या. सोबत सरावाचा भाला, कपडे वाळत घालायची दोरी आणि भुशाचं पोतं.

नणंदेने दोरी मनगटाला बांधली आणि सवयीने भाला जोरात फेकला. दोरी मध्येच संपली, भाला जमिनीवर आपटला आणि हिसक्याने नणंदही खाली बसली.

“अगं आई गं! खांदा गेला माझा!”

“वन्सं, राहू द्या.”

“राहू द्या काय? दे इकडे.”

मग तिने कोपरातून, हात आखडून फेकला. पोत्यात घुसला. हिसका दिला, सुटला. चार-सहा वेळा पडला, आणि मग बरोबर हातात आला.

“हा लांबचा नाहीच गं वहिनी. समोरासमोरचा आहे. लिही बिनधास्त. आणि घरी गेल्यावर खांद्याला तेल लावून दे.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब हे ऐकून हसले. “नणंदबाई फेकतात म्हणून कोशात घालायचं?”

“त्यांनी फेकून तरी पाहिला. आपण सगळ्यांनी नुसता उतरवून घेतला.”

साहेबांचं हसू मावळलं. “‘एक प्रकारचे शस्त्र’ करा. नाहीतर संपादकांत तुमचं नाव जाणार नाही.”

आजवरच्या सगळ्या आवृत्त्यांत ताई ‘आणि इतर’मध्येच होत्या. हा त्यांचा शेवटचा कोश, आणि पहिल्यांदाच नाव छापून येणार म्हणून अख्ख्या गोतावळ्याला सांगून झालेलं. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांनी तिथे बोट ठेवलं.

“काढा नाव,” ताई म्हणाल्या. “पण माझ्या सहीशिवाय पान छापायला जात नाही. आणि त्या तीन शब्दांवर मी सही करणार नाही.”

“छपाई उद्या आहे, ताई!”

“मग लवकर काढा.”

साहेबांनी खरंच काढलं. ताईंनी पाहिलं, गिळलं, आणि पानं लावणाऱ्या भाऊंशेजारी खुर्ची ओढली. दोन ओळींची जागा हवी होती. खाली ‘विटाळ’ अर्धा रकाना अडवून ऐसपैस पसरला होता. ताईंनी त्याला कात्री लावली. कोणाचं काही अडलं नाही. ‘विटा’ दोरीसकट बसला. ताईंनी सही ठोकली.

“झालं ना मनासारखं?” साहेब दारातून म्हणाले. “आता घरी जा.”

“झालं कुठे?” ताईंनी चष्मा पुसला. आता काढून घ्यायला नावही उरलं नव्हतं; कसं मोकळं मोकळं वाटत होतं. “भाऊ, ‘एक प्रकारचे शस्त्र’ अजून कुठे कुठे आहे, शोधा बरं. एकेक काढा. त्या पानांवरही माझी सही व्हायचीय.”

साहेब दारातून परत आत आले.