तीन वाजेपर्यंत नॉट रीचेबल

माघारीच्या दिवशी नेत्यांना नाही म्हणायची एकच रीत आपल्याकडे आहे: फोन बंद करायचा आणि दुपारी तीनपर्यंत दडी मारून बसायचं. कोपरीतून दोनदा नगरसेविका झालेल्या हेमांगीनेही तेच केलं. विधानसभेचं तिकीट पक्षाने ऐनवेळी बाहेरून आलेल्याच्या घशात घातलं, म्हणून बाईंनी चिडून अपक्ष अर्ज भरला होता. तीन वाजले की अर्ज कायम. मग ब्रह्मदेव आला तरी मागे घेता येत नाही.

लपली ती वर्तकनगरात, शाळेतल्या मंदाकिनीबाईंच्या घरी. पक्षाला ती भीत नव्हती हो. भीती होती ती अण्णांची. अण्णांनी तिला राजकारणात आणलं, माइकसमोर उभं राहायला शिकवलं. वीस वर्षांत तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. ते समोर बसून नुसतं "हेमांगी, ऐक" म्हणाले तरी आपण विरघळणार, हे तिला ठाऊक होतं. पक्षालाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनाच पाठवलेलं.

अडीचला बेल वाजली. हेमांगी स्वयंपाकघरात पळाली आणि दार लोटून घेतलं.

"बाई, हेमांगी आलीय का इथे?" अण्णाच! मेले आता, ती मनात म्हणाली.

"छे हो, महिन्याभरात दिसली नाही," सत्तरीतल्या मंदाकिनीबाईंनी बिनदिक्कत थाप मारली.

"बरं. मग चहा टाका. हिंडून हिंडून पाय गेले."

आणि गृहस्थ ठाण मांडून बसलेच की! गुडघ्यांचं ऑपरेशन, सोसायटीची लिफ्ट, सगळं रामायण सुरू. आत हेमांगीला एकदम आठवलं, आपल्या लाल पट्ट्यांच्या चपला बाहेर दारातच राहिल्या! अख्ख्या कोपरीला माहीत असलेल्या चपला. तिने कपाळाला हात लावला. अण्णांनी पाहिल्या नसतील असं होणंच शक्य नाही. मग हे बोलत का नाहीत?

पावणेतीनला पुन्हा बेल. पक्षाचा सरचिटणीस मयूर धापा टाकत आलेला.

"अण्णा, मिळाली का ताई?"

"मिळाली असती तर इथे चहा पीत बसलो असतो? कल्याणला बघा, नणंदेकडे."

"हो, इथे दारात तर तुमच्याच चपला आहेत," म्हणत मयूर जिना उतरला.

हेमांगी चक्रावली. चपला गेल्या कुठे?

मग तीनला पाच मिनिटं असताना अण्णांचा फोन वाजला. "हो साहेब, शोधतोय ना. ठाणं काय लहान आहे?" फोन ठेवून त्यांनी आणखी एक कप चहा निवांत संपवला आणि आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "ये गं बाहेर. तीन वाजून पाच झाले."

ती बाहेर आली आणि इतकं हायसं वाटलं की तिला रडूच फुटलं. अण्णांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला काढल्या.

"पंच्याण्णव साली मीही असाच लपलो होतो. दारातल्या चपलांनी घात केला. नेत्यांनी समजूत काढली, मी माघार घेतली. त्यानंतर जन्मभर दुसऱ्यांच्या सभांना खुर्च्या मांडल्या."

हेमांगीने त्यांच्या हातून चपला घेतल्या.

"आणि ऐक, उद्यापासून मी तुझ्याविरुद्ध प्रचार करणार आहे. पक्ष तो पक्ष."

"करा की," ती डोळे पुसत हसली. "पण मत कुणाला देणार?"

"मतदान गुप्त असतं. एवढंही शिकवलं नाही का मी तुला? घाल चपला, चिन्ह घ्यायला जायचंय ना?"