लहानग्यांची रांग

चर्चच्या आधी तिथे कोबी लावायचे.

अंगाला डांबर लागलं तर रॉकेलने पुसावं. साबण लावला की संपलंच.

घंटा ओततानाच तडकली. दुसरीची ऐपत नव्हती, म्हणून तीच वर चढवली. ती वाजत नाही, खोकते.

वीटभट्टीच्या मालकाने चर्च बांधलं तेव्हा ते गावाबाहेर होतं. मग गाव सरकत आलं आणि वळसा घालून पुढे गेलं. भट्टी गेली, मालकही गेला. त्याच्या कबरीवरचं संगमरवरी पुस्तक कुणीतरी उचलून नेलं. आता 'चर्च' हे बसथांब्याचं नाव. उतरणाऱ्यांपैकी चर्चमध्ये क्वचितच कुणी जातं.

आणि आता रस्ता रुंद व्हायचा होता. त्यात कबरींची एकच रांग जाणार होती, कुंपणालगतची, लहान मुलांची. लहानांना कडेचीच जागा मिळते, मेल्यावरसुद्धा. ज्याने त्याने आपापलं मूल काढून नव्या दफनभूमीत न्यायचं, असं ठरलं.

धाकटी लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आईला घेऊन आली. केस पांढरे व्हायला लागले तरी घरीदारी ती धाकटीच. आईला आता धड दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. चर्चमधली खुर्ची आणून धाकटीने तिला सावलीत बसवलं. आईच्या मांडीवर पोरवयात गेलेल्या भावासाठी आणलेली, कडक इस्त्रीची उशीची खोळ होती.

"नीट बघ हं," आई म्हणाली. "त्याच्या पायाला लोखंडी पट्ट्या होत्या. पुरताना काढू दिल्या नाहीत मी. तिकडे चालेल कशाने पोर?"

"हो आई."

"आणि जागा चुकायची नाही. त्याचा क्रूस दर वर्षी माझ्या हाताने रोवलाय."

ते खरं होतं. मुलांचे क्रूस लाकडी. वाळवी लागू नये म्हणून चर्चच्या बायका उन्हाळ्यात ते उपटायच्या, खालच्या टोकाला डांबर फासायच्या आणि भिंतीला टेकवून वाळवायच्या. त्यांची मुकादम आईच. दिवसभर चहा, गप्पा, सुनांची उणीदुणी. संध्याकाळी क्रूस परत जागेवर. तोवर एखादं भोक बुजलं असलं, तर अंदाजाने.

कबरी खोदणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे फावड्या म्हणत. तो खड्ड्यात उतरला आणि माती चाळू लागला.

"पोरांचं फार उरत नाही," तो म्हणाला. "दात, थोडं इकडचं तिकडचं. हे बघ."

"काका, पट्ट्या?"

फावड्याने खुर्चीकडे पाहिलं. आईला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही त्याने आवाज उतरवला.

"पट्ट्या निघाल्या. पण इथे नाही, शेजारी."

"शेजारी कंपाउंडरची मुलगी आहे."

"क्रूसावर तसंच होतं. परवा तिची आई येऊन घेऊन गेली. तिकडे वर सिमेंटही झालं. मला वाटलं, जुन्या फाटकाचं लोखंड असेल. भंगारात टाकलं."

धाकटीने त्याच्या चाळणीकडे पाहिलं.

"म्हणजे ही..."

"तू म्हण तर फादरना सांगतो. तिकडचं परत फोडू. पण ते दोघींवर थांबायचं नाही, पोरी. रांगेतली एकेक आई येईल, माझं कुठलं म्हणून. मी काय सांगू? डांबराला विचारा?" त्याने चाळणी खाली ठेवली. "आणि क्रूस कुणी रोवले, हेही निघेल."

खुर्चीवरून हाक आली. "सापडलं का गं? का त्या म्हाताऱ्याला खणताही येईना?"

"तुमच्या वेळी बघा, बाई, कसा झोकात खणतो," फावड्या ओरडला.

"आधी तूच जाशील, मेल्या."

धाकटी उठली. चर्चच्या मागे भंगाराचा ढीग होता. वाकड्या मेणबत्तीदाण्या, बूड गेलेली बादली, तारा. तिने दोन्ही हात घातले. तळाशी गंजाने फुगलेल्या दोन अरुंद पट्ट्या मिळाल्या, एकीला मध्येच बाक. पदराने पुसून तिने त्या आईच्या मांडीवर ठेवल्या.

आईची बोटं वरून खाली गेली आणि बाकाशी थांबली.

"गुडघ्याजवळचं," ती म्हणाली. "म्हटलं नव्हतं? माझी जागा चुकायची नाही."

ती रडली नाही. पट्ट्यांवरून नुसता हात फिरवत बसली, एखाद्याचं अंग चेपावं तसा.

धाकटीने चाळणीतलं सगळं खोळीत घातलं. खोळ किती हलकी भरली ते तिच्याच हाताला कळलं. तिने ती हाडं न्यायच्या छोट्या पेटीत ठेवली आणि आईकडून पट्ट्या मागून घेऊन वर मांडल्या, कंपाउंडरच्या मुलीच्या अंगावर.

फादर आले. नवे होते, प्रत्येक पेटीपाशी तेच विचारत होते.

"घरच्यांपैकी कुणी ओळख पटवली का? प्रार्थनेत नाव घ्यायचं आहे."

फावड्या विटेच्या तुकड्याने फावडं खरवडू लागला. आईने धाकटीच्या दिशेने मान वळवली.

"मी," धाकटी म्हणाली. "मी ओळखलं त्याला."

फादरनी भावाचं नाव घेतलं. सगळ्यांच्या आधी आई आमेन म्हणाली.

भाऊ गेला, त्यानंतर दुसऱ्या वर्षी धाकटीचा जन्म झाला.